जुन्या गाडीचा गिअरबॉक्स घरच्या घरी उतरवताना

गिअरबॉक्स उतरवायचा म्हटलं की पहिली धास्ती वाटते ती वजनाची. ती अगदीच खोटी नाही. ॲल्युमिनियमच्या केसिंगचा लहान बॉक्स पंचवीस-तीस किलो भरतो, बिडाचा मोठा असला तर पन्नाशीच्या आसपास जातो. पण वजन जॅक पेलतो. घरी काम करणाऱ्याचा घात करतो तो बॉक्सच्या तोंडातून वीतभर पुढे आलेला एक दांडा, आणि काम जवळजवळ संपेपर्यंत तो दिसतही नाही. म्हणून पाना हातात घेण्याआधी आत काय आहे आणि ते एकमेकांत कसं अडकलंय, ते आधी पाहू.

इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, ही जुन्या गाड्यांची नेहमीची मांडणी धरू. इंजिनाच्या मागच्या टोकाला क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, फ्लायव्हील ही जड चकती बसवलेली असते. तिच्यावर बोल्टांनी आवळलेली प्रेशर प्लेट. या दोघींच्या मधे क्लच प्लेट, दोन तळव्यांत नाणं दाबून धरावं तशी. क्लच प्लेट कुठेही बोल्टने जोडलेली नसते, नुसती दाबलेली असते. तिच्या मधोमध दातेरी भोक असतं. गिअरबॉक्समधून पुढे आलेला इनपुट शाफ्टही तसाच दातेरी असतो. तो त्या भोकातून आरपार जातो आणि त्याचं निमुळतं टोक क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकात बसवलेल्या छोट्या बुशमध्ये, म्हणजे धातूच्या नळकांड्यात, जाऊन टेकतं. हा पायलट बुश. काही गाड्यांत त्याच्या जागी लहानसं बेअरिंग असतं. क्लच दाबला की चिमटी सैल होते, प्लेट मोकळी होते, इंजिन फिरत राहतं आणि शाफ्ट थांबतो.

या सगळ्यावर घंटेच्या आकाराचं आवरण असतं, ते बेल हाउसिंग. ते इंजिनाला बोल्टांनी आवळलेलं असतं आणि ते नेमक्या मध्यावर बसावं म्हणून बहुधा दोन डॉवेल पिना असतात.

आता दांड्याचा घोळ लक्षात येईल. सगळे बोल्ट काढले तरी बॉक्स लगेच खाली यायला मोकळा होत नाही. आधी वीतभर सरळ मागे, आणि मगच खाली. त्या वीतभर प्रवासात बॉक्सचं मागचं टोक झुकलं, की सगळा भार दांड्यावर येतो आणि दांड्यावरून क्लच प्लेटच्या मधल्या पातळ पत्र्यावर. पत्रा किंचित वाकतो. डोळ्यांना काही कळत नाही. कळतं ते सगळं परत जोडून, तेल भरून, गाडी खाली उतरवल्यावर. क्लच पार तळापर्यंत दाबला तरी प्लेट सुटत नाही आणि पहिला गिअर टाकताना करकर वाजते. मग सगळं काम पुन्हा पहिल्यापासून.

आधी खात्री: उतरवायलाच हवा का?

गिअर पडत नाहीत म्हणून बॉक्स उतरवून बसलेली आणि शेवटी दोष क्लचच्या सिलिंडरमध्ये सापडलेली माणसं कमी नाहीत. सगळेच गिअर करकरत असतील, रिव्हर्स तर हमखास, तर बहुतेक वेळा क्लच नीट सुटत नसतो. तिथे आधी केबल किंवा हायड्रॉलिक सिलिंडर बघायचा. फक्त एकच गिअर करकरतो, समजा दुसरा, तर मात्र बॉक्सच्या आतली त्या गिअरची सिंक्रो रिंग (गिअर जुळण्याआधी फिरणाऱ्या भागांचा वेग सारखा करणारी कडी) झिजलेली असण्याचा संभव जास्त. गिअर आपोआप निसटतो, यामागेही कधी कधी बसलेलं इंजिन माउंटिंग किंवा ढिला झालेला लिव्हरचा बुश असतो.

आवाजाची एक साधी चाचणी आहे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन चालू करा आणि क्लचवरून पाय काढा. आवाज येतोय आणि क्लच दाबला की थांबतो, तर दोष बॉक्सच्या आतल्या बेअरिंगकडे, कारण क्लच दाबल्यावर इनपुट शाफ्टच थांबतो. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर, म्हणजे पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला रेटणाऱ्या बेअरिंगवर घ्यायचा. दोन्ही वेळा बॉक्स खाली घ्यावाच लागतो, पण दुसऱ्या वेळी तो उघडावा लागत नाही.

दुसरी खात्री आपल्या गाडीच्या रचनेची. हा लेख ज्या मांडणीबद्दल आहे ती सगळ्या जुन्या गाड्यांत नाही. १९५९ च्या मिनीमध्ये गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटातच आहे, दोघांचं तेलही एकच. तिथे सगळा संच एकदम वर उचलावा लागतो. फोक्सवॅगन बीटलमध्ये इंजिन मागे, म्हणून आधी इंजिन काढायचं आणि मग बॉक्स. १९७२ मध्ये आलेल्या अल्फेटात बॉक्स आणि क्लच दोन्ही मागच्या ॲक्सलपाशी नेऊन ठेवलेत. ट्रायम्फ स्पिटफायरचा बॉक्स खालून नाही, गाडीच्या आतून, मधलं टनेल कव्हर काढून बाहेर येतो. एमजीबीचा तर इंजिनासकट पुढून वर काढणं हाच सरळ रस्ता. तेव्हा आपल्या गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल आधी वाचा. जुनी मॅन्युअलं रुक्ष असतात, पण कोणता बोल्ट आधी हे त्यांच्याइतकं नेमकं कोणी सांगत नाही.

गाडी उचलणं

या भागात मी चेष्टा करणार नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. हायड्रॉलिक जॅकचं सील कधी जाईल सांगता येत नाही, आणि जातं तेव्हा आधी निरोप येत नाही. जमीन सपाट आणि पक्की काँक्रीटची हवी. गाडी ज्यांच्यावर टेकवायची त्या लोखंडी स्टँडचे पाय डांबरात रुततात. चार स्टँड, चारही चेसिसच्या भक्कम जागी. गाडी त्यांच्यावर टेकवल्यावर बाजूला उभं राहून दोन्ही हातांनी तिला जोरात हलवा. पडायची असेल तर आत्ता पडू दे. विटा आणि पोकळ ब्लॉक स्टँड म्हणून वापरू नका, ते भाराखाली एका क्षणात फुटतात.

उंची किती हवी? बॉक्सची सर्वांत उंच जागा म्हणजे बेल हाउसिंग. जॅकवर किंवा फळीवर ठेवलेला बॉक्स, घंटेसकट, दाराखालच्या पत्र्याखालून बाहेर सरकला पाहिजे. आधी मोजा. बॉक्स खाली आला आणि गाडीखालून बाहेरच निघेना, हा अनुभव मी घेतलाय. तेव्हा बॉक्स दोन दिवस गाडीखालीच झोपला.

अजून एक गोष्ट बऱ्याच जणांच्या डोक्यात येत नाही. गाडी गिअरमध्ये आहे म्हणून ती जागची हलणार नाही, हा भरवसा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे बॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत ताकद नेणारा लांब दांडा, जागेवर असेपर्यंतच. तो सुटला की इंजिनाचा चाकांशी काही संबंध उरत नाही. जुन्या लँड रोव्हरसारख्या काही गाड्यांत तर हँडब्रेकही गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावर असतो. शाफ्ट काढला की तोही गेला. म्हणून एखादं चाक जरी जमिनीला टेकलेलं असलं, तरी त्याच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे हवेतच.

सुटं करत जायचं

सर्वांत आधी बॅटरीची अर्थ वायर, म्हणजे चेसिसला जोडलेली; ती बहुधा निगेटिव्ह असते, पण जुन्या काही ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह. स्टार्टरची जाड वायर थेट बॅटरीला जोडलेली असते. पाना तिला आणि चेसिसला एकदम टेकला तर पाना लाल होतो.

गंजलेल्या बोल्टांवर, विशेषतः सायलेन्सरच्या पाइपाच्या नटांवर, दोन दिवस आधीपासून गंज सोडवणारं तेल मारत राहा. आणि पाने त्या गाडीच्या मापाचेच वापरा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत व्हिटवर्थ (बोल्टांचं जुनं ब्रिटिश माप) किंवा इंची मापं असतात. मिलिमीटरचा पाना त्यावर 'बसल्यासारखा' बसतो आणि जोर लावला की नटाचे कोपरे गोल करून टाकतो.

तेल काढताना एक नियम: आधी वरचा, भरायचा प्लग सुटतो का ते बघा, मगच खालचा उघडा. तेल काढून बसलात आणि भरायचा प्लग गंजून जाम झालेला निघाला, तर पुढे काय कराल? काढलेलं तेल बोटांत चोळून पाहा. राखाडी चकाकी थोडीफार असतेच, पण नखाला टोचणारे धातूचे तुकडे सापडले तर बॉक्स उघडावाच लागणार, हे तिथेच कळलं.

प्रोपेलर शाफ्ट काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर, म्हणजे जोडाच्या चकत्यांवर, एका सरळ रेषेत रंगाची खूण करा. शाफ्ट कारखान्यात समतोल करून बसवलेला असतो. अर्धा फेरा फिरवून परत जोडला तर एका ठरावीक वेगाला गाडी थरथरायला लागते, आणि त्याचं कारण कोणाला सापडत नाही. शाफ्टच्या टोकाच्या वळणाऱ्या सांध्याच्या, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंटच्या, मोकळ्या टोप्यांवर लगेच चिकटपट्टी गुंडाळा. टोपी गळून पडली की सुईसारखे रोलर जमिनीवर विखुरतात, आणि त्यातला एक नेहमी हरवतो. काही गाड्यांत शाफ्टचं टोक सरळ बॉक्सच्या मागच्या सीलमध्ये सरकलेलं असतं. तो ओढून काढला की उरलंसुरलं तेल त्या भोकातून तुमच्या बाहीत. जाड प्लास्टिकची पिशवी आणि घट्ट रबर जवळ ठेवा.

गिअर लिव्हर आतून निघतो. न्यूट्रलमध्ये ठेवून वरची टोपी उघडा, खाली स्प्रिंग आणि बहुधा एक छोटी वाटी असते. ती कशी बसली होती त्याचा फोटो काढा आणि भोकावर कापड बांधा. वर्षानुवर्षांची धूळ तिथेच जमलेली असते आणि थेट आत पडते. मग स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्स लाइटच्या वायरी, ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) असेल तर त्याची वायर. इंजिन-बॉक्स आणि चेसिस यांना जोडणारी जाड अर्थ पट्टी काढताना ती कुठे होती ते ठळक लिहून ठेवा, तिच्याकडे शेवटी परत येऊ.

क्लच हायड्रॉलिक असेल तर खालच्या सिलिंडरचे दोन बोल्ट काढून तो नळीसकट बाजूला तारेने बांधा. नळी सोडायची गरज नसते. मात्र त्यानंतर क्लचच्या पेडलला कोणीही पाय लावायचा नाही. आतला दट्ट्या उडून बाहेर येतो आणि ब्रेक ऑइलचा सडा पडतो. मी पेडलला कागद बांधून त्यावर 'हात लावू नये' असं लिहितो. पाय म्हणायला हवं खरं.

स्टार्टर काढला की बेल हाउसिंगचे बोल्ट समोर येतात, म्हणजे खालचे. वरच्या दोघांना मात्र ना नजर पोहोचते ना हात. याला तोड अशी: फळी ठेवून इंजिनाच्या तेलाच्या टाकीखाली एक जॅक, बॉक्सखाली दुसरा. मग मागचा आडवा पट्टा म्हणजे क्रॉसमेंबर काढायचा आणि दोन्ही जॅक थोडे थोडे खाली घ्यायचे. इंजिन मागे कलतं आणि वरचे बोल्ट टनेलच्या पत्र्याखालून डोकं काढतात. गाडीच्या मागच्या बाजूने, बॉक्सच्या अंगावरून, लांबलचक एक्स्टेन्शन आणि शेवटी वळणारा जॉइंट लावून ते सुटतात. इंजिन कलवताना एका माणसाला बॉनेटपाशी उभं करा. पुढे पंखा रेडिएटरला घासतो, आणि मागे डिस्ट्रिब्युटर असलेल्या इंजिनात तो फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधल्या पत्र्यावर, आपटतो.

बोल्टांची लांबी सारखी नसते. पुठ्ठ्यावर घंटेचं चित्र काढून, भोकं पाडून, जो बोल्ट जिथला तिथे खोचायचा. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर समोरची भिंत फोडतो.

वीतभर

आता मुख्य काम. वरचे दोन बोल्ट काढलेत. त्याच आट्यांचे, पण चारेक इंच लांब असे दोन बोल्ट आणायचे, त्यांची डोकी करवतीने उडवायची आणि कापलेल्या टोकावर स्क्रूड्रायव्हर बसेल अशी खाच पाडायची. बेल हाउसिंगच्या भोकांतून ते इंजिनात हातानेच फिरवून बसवायचे. झाले दोन रूळ. बॉक्स आता त्यांच्यावरून सरकेल, लटकणार नाही. असले बोल्ट बनवायला अर्धा तास जातो आणि न बनवल्याची किंमत एक क्लच प्लेट असते.

बॉक्स जॅकवर पट्ट्याने बांधा. जॅकची उंची अशी हवी की इंजिन आणि बेल हाउसिंग यांच्यातली फट वर आणि खाली सारखी दिसेल. वरची फट मोठी म्हणजे मागचं टोक खाली गेलंय, जॅक थोडा वर. खालची मोठी म्हणजे उलट. फटीत पातळ पट्टी घालून फिरवून पाहिली तर आणखी बरं. मग बॉक्सला दोन्ही हातांनी धरून किंचित डावीकडे-उजवीकडे हलवत मागे घ्यायचं. डॉवेल पिना सुटताना टक असा आवाज येतो. त्यानंतर बॉक्स जवळजवळ आपणहून यायला हवा.

येत नसेल तर हात थांबवा. पहार घालू नका. मी घातली होती. बॉक्स अर्धा इंच मागे आला आणि अडला. डॉवेल गंजली असेल असं ठरवून मी पहारीवर जोर दिला, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा कड् असं वाजलं. टॉर्च घेऊन बघतो तर बेल हाउसिंगच्या कानाला केसाएवढी चीर, आणि त्याच कानात, इंजिनाच्या बाजूने आत आलेला, तेलकट काळ्या चिखलाने झाकलेला एक बोल्ट जसाच्या तसा. माझ्या पुठ्ठ्यावर एक भोक रिकामं होतं. ते सकाळपासून मला दिसत होतं.

अडण्याचं दुसरं कारण म्हणजे कोन चुकलाय आणि दांडा बुशमध्ये वाकडा पडलाय. जॅक अर्धा इंच वर-खाली करून बघा. दांड्याचं टोक प्रेशर प्लेटच्या बाहेर आलेलं डोळ्यांनी दिसेपर्यंत जॅक खाली सोडायचा नाही. त्यावेळी छातीवर बॉक्स घेऊन झोपायचं नाही, हेही सांगून ठेवतो. तसं करणारे बहाद्दर भेटतात.

बॉक्स खाली आल्यावर

क्लचची जी काळी धूळ दिसेल तिच्यावर हवेचा फवारा मारू नका. जुन्या क्लच प्लेटच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस वापरलेलं असायचं आणि ती धूळ फुफ्फुसात जाऊन बसते. मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

घंटेत तेल साचलेलं असेल तर त्याचा वास घ्या. गिअर ऑइलला गंधकाचा कुबट वास येतो. तो आला तर गिअरबॉक्सचं पुढचं सील गेलंय. बिनवासाचं, काळं असेल तर इंजिनाचं मागचं सील. जुन्या काही बॉक्समध्ये, उदाहरणार्थ एमजीबीच्या, मुळात इंजिन ऑइलच भरतात, तिथे ही युक्ती चालत नाही. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक तडे दिसले तर तो घासून सपाट करून घ्यावा. रिलीज बेअरिंग चांगलं वाटलं तरी बदला, आणि पायलट बुशही.

बुश काढायची एक जुनी युक्ती मला फार आवडते. बुशच्या भोकात ग्रीस गच्च भरायचं. भोकात नेमका बसेल असा दांडा घेऊन हातोडीने ठोकायचा. ग्रीसला जायला जागा नसते, ते बुशच्या पाठीमागे शिरतं आणि बुशला बाहेर ढकलतं. दोन-तीनदा ग्रीस भरावं लागतं. मग बुश सुटतो, आणि चेहऱ्यावर थोडं ग्रीस येतं. नवा बुश कांस्याचा सच्छिद्र असेल तर बसवण्याआधी रात्रभर तेलात बुडवून ठेवा.

परत चढवताना क्लच प्लेट नेमकी मध्यावर हवी, कारण प्रेशर प्लेट आवळली की ती हलत नाही. त्यासाठी प्लॅस्टिकचा किंवा लाकडी दांडा मिळतो. त्याच मापाचा जुना इनपुट शाफ्ट असेल तर त्याहून उत्तम. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, फेऱ्या घेत आवळायचे. बॉक्स पुन्हा त्याच दोन रुळांवरून आत. दाते जुळत नसतील तर बॉक्स टॉप गिअरमध्ये घालून मागचा फ्लँज हाताने किंचित फिरवा. शेवटची फट बोल्ट आवळून मिटवायचा मोह आवरा. सगळं जुळलं असेल तर घंटा हाताने ढकलूनच इंजिनाला चिकटते. नसेल, आणि तुम्ही बोल्टाने ओढली, तर कान तुटतो किंवा प्लेट वाकते.

तेलाबद्दल थोडं. कॅडिलॅकने १९२८ मध्ये सिंक्रोमेश, म्हणजे सिंक्रो रिंगांचा बॉक्स, आणल्यानंतर बॉक्सच्या आत पितळी-कांस्य रिंगा आल्या. मागच्या ॲक्सलमधल्या डिफरन्शियलसाठीच्या जीएल-५ दर्जाच्या गिअर ऑइलमधली रसायनं या धातूंना खाऊ शकतात, शिवाय रिंगेला जी थोडी पकड लागते तीही कमी करतात. मॅन्युअलने गिअर ऑइलच सांगितलं असेल तर जीएल-४ घ्या. भरायच्या भोकातून तेल परत ओघळायला लागलं की पुरे. गाडी तेव्हा सपाट असायला हवी, नाक वर करून नव्हे.

आणि किल्ली फिरवण्याआधी पुन्हा एकदा खाली जाऊन ती अर्थ पट्टी बघा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे चेसिसपासून विजेच्या दृष्टीने तुटलेलं. पट्टी राहिली तर स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा करंट दुसरी वाट शोधतो. ती बहुधा चोकची किंवा ॲक्सिलरेटरची केबल असते. डॅशबोर्डमागून धूर येतो, आणि माणूस गिअरबॉक्समध्ये काय चुकलं ते शोधत बसतो.